‘आणि’च्या आधीचा विसावा

रोहा तालुक्यात, नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान, मुंबई-गोवा महामार्गावर खांब नावाचे गाव आहे. गावाच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, मराठी लेखनाच्या इतिहासाकडे वळताना हे नाव आम्हांला सूचक वाटते. छापखाना येण्यापूर्वीच्या आपल्या पोथ्यांत विराम दाखविणारे ठळक चिन्ह एकच होते व ते म्हणजे ओळीत उभा राहणारा खांब. व्याकरणात त्यास दंड म्हणतात. चरण संपला की एक दंड, श्लोक किंवा ओवी संपली की दोन. मोडीत लिहिलेल्या कागदपत्रांत तर तेवढाही आधार नसे. आधी शिरोरेघ आखून घ्यावी आणि तिला अक्षरे टांगीत जावे; शब्द कोठे संपला आणि वाक्य कोठे संपले हे वाचणाऱ्याने आपल्या सरावाने ओळखावे, अशी ती रीत होती.

आज त्याच पेण-रोहा पट्ट्यातील आपल्या घरांमध्ये एक वेगळाच प्रश्न ऐकू येतो. मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात आणि गृहपाठाच्या वहीत ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम द्यावा की देऊ नये यावर अडतात. एक शिक्षक तो खोडतात, दुसरे तो नसला तर गुण कापतात. हळूहळू तोच घोळ मराठीतही शिरतो. धर्मग्रामाच्या सूचनापत्रात, लग्नाच्या पत्रिकेत, रविवारच्या वाचनासाठी टंकलिखित केलेल्या उताऱ्यात ‘, आणि’ अशी जोडी दिसू लागते. प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. परंतु या लहानशा चिन्हाचा इतिहास ख्रिस्तसभेच्या वेदीवरून, गोव्याच्या छापखान्यातून आणि थेट सर्वोच्च न्यायालयातून गेलेला आहे. तो आपल्या वाचकांपुढे मांडावा, हा या लेखाचा हेतू आहे.

वाचणाऱ्याचा श्वास

‘कॉमा’ हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ ‘कापलेला तुकडा’ असा होतो. मराठीत आपण त्याच चिन्हाला स्वल्पविराम म्हणतो, म्हणजे थोडासा विसावा. ग्रीकांचे लक्ष वाक्याच्या तुकड्याकडे होते, आपले लक्ष वाचणाऱ्याच्या श्वासाकडे गेले. दोन्ही नावे खरी आहेत आणि या चिन्हावरून पुढे जे वाद झाले त्यांचे मूळही या दुहेरी स्वभावात आहे.

प्राचीन ग्रीक व लॅटिन हस्तलिखिते एकसलग लिहिलेली असत. इसवी सनापूर्वी सुमारे दोनशे वर्षे अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचे प्रमुख अरिस्टोफेनीस यांनी निरनिराळ्या उंचीवर ठिपके देऊन लहान, मध्यम व मोठा विराम दाखविण्याची पद्धत सुचविली. पण ती सार्वत्रिक झाली नाही. विद्वानांना तिची गरज वाटत नव्हती. गरज होती ती मंडळीपुढे उभे राहून पवित्र शास्त्र मोठ्याने वाचणाऱ्यांना.

ही गरज ज्यांनी ओळखली त्यांत संत जेरोम यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. चौथ्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बायबलचे लॅटिन भाषांतर केले. यशयाच्या ग्रंथाला त्यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत एक महत्त्वाचा खुलासा आहे. हा ग्रंथ पद्यात नाही. तरीही वक्त्यांच्या भाषणांच्या प्रती जशा लहान-लहान खंडांत लिहितात तसा आपण तो वाचकांच्या सोयीसाठी खंडशः लिहिला आहे, असे ते सांगतात. एका श्वासात जेवढे अर्थपूर्णपणे वाचता येईल तेवढे एका ओळीत, अशी ती योजना होती. चिन्ह नव्हते, पण चिन्हाचा हेतू पूर्णपणे साधलेला होता. आज मिस्सेच्या वेळी वाचन करणारा आपला प्रत्येक तरुण वाचक संत जेरोम यांच्या या दूरदृष्टीचा ऋणी आहे.

सातव्या शतकात सेव्हिलचे बिशप संत इसिदोर यांनी आपल्या ज्ञानकोशात विरामांचे हे तीन प्रकार नीट समजावून दिले आणि त्यानंतर मठामठांतून नक्कल करणाऱ्या संन्याशांनी ते जपले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये आल्डस मानुशियस यांच्या छापखान्यात स्वल्पविरामाला आजचे वाकड्या शेपटीचे रूप मिळाले. पुढे छपाईबरोबर ते चिन्ह सर्व युरोपभर पसरले आणि जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरले.

दोन थॉमस

आपल्या भाषेच्या या प्रकरणात दोन इंग्रज येतात आणि योगायोगाने दोघांचेही नाव थॉमस आहे.

पहिले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स. ते १५७९ साली गोव्यास आले. गोव्यात १५५६ सालापासून छापखाना होता, परंतु तेथे देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणून १६१६ साली राचोल येथे छापलेले त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी महाकाव्य रोमन लिपीत निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६४९ व १६५४ साली पुन्हा छापला गेला. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, विराम कोठे घ्यावा हे सांगण्यासाठी फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीवरच भिस्त ठेवली. तीन सयमक चरण आणि चौथा आखूड चरण, या बांधणीतच विसावा गुंफलेला असतो. ऐकणाऱ्याचा कान यमकावर थांबतो आणि आखूड चरणावर टेकतो. देवळादेवळांतून हे पुराण मोठ्याने वाचले गेले, तेव्हा वाचणाऱ्याला चिन्हांची उणीव भासण्याचे फारसे कारण नव्हते. परक्या देशातून आलेल्या या धर्मगुरूने आपल्या भाषेचा श्वास प्रथम ऐकला व मग लेखणी उचलली.

पद्याला जे वृत्ताने मिळते ते गद्याला कोठून मिळणार? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. १८०५ साली श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले. त्यानंतर शाळांची क्रमिक पुस्तके, कायद्यांचे तर्जुमे आणि वृत्तपत्रे अशी गद्याची पेठ वाढत गेली. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांचे ‘दर्पण’ निघाले. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापलेला असे. दोन भाषा अशा एका पानावर शेजारी बसू लागल्या की एकीच्या सवयी दुसरीला लागल्यावाचून राहत नाहीत. १८३६ साली दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण प्रसिद्ध झाले आणि मराठीला आपल्या नियमांचे भान आले.

या काळातले दुसरे थॉमस म्हणजे मेजर थॉमस कँडी. मोल्सवर्थ यांच्या प्रसिद्ध कोशकार्यातले सहकारी, पुण्याच्या विद्यालयाचे प्रमुख आणि सरकारी भाषांतरांचे तपासनीस या नात्याने त्यांचा मराठी गद्यावर मोठा प्रभाव पडला. १८५० साली त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका प्रसिद्ध झाली आणि इंग्रजीतील विरामचिन्हांची व्यवस्था मराठीत रीतसर आली. कँडी यांच्या हाताखालून गेलेल्या मराठीला इंग्रजी वळण लागले, अशी तक्रार पुढील पिढ्यांनी केली आणि ती अगदीच निराधार नव्हती. तरीही त्यांनी दिलेली चिन्हे मराठीने परत केली नाहीत. भाषा पाहुण्याला ठेवून घेते, पण त्याला घरची रीत शिकवूनच ठेवून घेते. स्वल्पविरामाचे असेच झाले.

इंग्रजीची रीत

मुलांच्या वहीतला प्रश्न सुटावा म्हणून इंग्रजीची रीत प्रथम पाहू. ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘सो’ ही इंग्रजीतील उभयान्वयी अव्यये होत. त्यांच्या आधीच्या स्वल्पविरामाचे दोन वेगळे प्रसंग आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळेच बराचसा गोंधळ होतो.

पहिला प्रसंग दोन पूर्ण वाक्ये जोडण्याचा. प्रत्येक बाजूस स्वतंत्र कर्ता आणि स्वतंत्र क्रियापद असेल, तर इंग्रजीत सामान्यतः अव्ययाच्या आधी स्वल्पविराम देतात. ‘पाऊस थांबला’ हे एक वाक्य आणि ‘मुले घरी गेली’ हे दुसरे. मध्ये ‘अँड’ घातला तर त्याच्या आधी स्वल्पविराम येतो. वाक्ये अगदी आखूड असतील तर तो गाळला तरी चालतो. मात्र कर्ता एकच असून क्रियापदे दोन असतील, म्हणजे ‘मुले उठली आणि घरी गेली’ अशी रचना असेल, तर तेथे सहसा स्वल्पविराम देत नाहीत. मुलांना एवढाच भेद सांगितला तरी अर्धे काम होते. ‘अँड’च्या पुढे नवा कर्ता आला आहे काय, हे पाहावे.

दुसरा प्रसंग यादीचा. तीन किंवा अधिक नावे सांगताना शेवटच्या ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम द्यावा की नाही, यावर इंग्रजी जाणणाऱ्यांतच एकमत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचे प्रमुख होरेस हार्ट यांनी आपल्या जुळाऱ्यांसाठी १८९३ साली नियम तयार केले. ते १९०४ साली सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. हा छापखाना यादीतील तो शेवटचा स्वल्पविराम आवर्जून देत आला, म्हणून त्याला ‘ऑक्सफर्डचा स्वल्पविराम’ असे नाव पडले. अमेरिकेतील ग्रंथ-प्रकाशकही बहुधा तो देतात. याउलट वृत्तपत्रे, इंग्लंडची असोत वा अमेरिकेची, तो बहुधा गाळतात.

आपल्याकडे शाळाशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या जे इंग्रजी व्याकरण चालले ते रेन आणि मार्टिन यांचे. त्यांतील रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते. या पुस्तकात यादीतील ‘अँड’च्या आधी सामान्यतः स्वल्पविराम देत नाहीत असे शिकविले जाते. म्हणजे आजी-आजोबांनी जे शिकले ते चुकीचे नव्हते, आणि नातवंडांच्या अमेरिकी वळणाच्या पुस्तकात जे आहे तेही चुकीचे नाही. घरे दोन आहेत आणि दोन्ही घरांचे आपापले शिस्तीचे नियम आहेत. एका लेखनात एकच रीत सांभाळावी, एवढेच मुलांना सांगावे.

मराठीची रीत

मराठीत हा पेच मुळात इतका तीव्र का नाही? त्याची कारणे भाषेच्या घडणीत आहेत.

पहिले कारण असे की, मराठीला ‘आणि’ची गरज इंग्रजीपेक्षा कमी लागते. इंग्रजी माणूस उठला आणि तोंड धुतले आणि चहा घेतला आणि देवळात गेला. मराठी माणूस उठून, तोंड धुऊन, चहा घेऊन देवळात जातो. ‘ऊन’ हा एक प्रत्यय तीन उभयान्वयी अव्ययांचे काम करतो. जुन्या बखरींची लांबच लांब वाक्ये याच प्रत्ययाच्या आधारे चालतात. नावे जोडण्यासाठी आपल्याकडे द्वंद्व समास आहे. आईवडील, भाऊबहीण, मीठभाकर, यांत ‘आणि’ही नाही आणि विरामही नाही, दोन माणसे किंवा दोन वस्तू एका शब्दात नांदतात.

दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. मराठीत स्वल्पविराम हा ‘आणि’चा मुका प्रतिनिधी आहे. ‘पेण, रोहा व अलिबाग’ असे आपण लिहितो, तेव्हा पेण आणि रोहा यांच्या मधला स्वल्पविराम खरे तर ‘आणि’ असेच म्हणत असतो. शेवटच्या जागी ‘व’ स्वतः हजर झाला की प्रतिनिधीचे काम संपते. धनी आणि कारकून दोघांनी एकाच खुर्चीत बसण्याचे कारण उरत नाही. म्हणूनच मराठी यादीत ‘आणि’, ‘व’, ‘किंवा’ यांच्या आधी स्वल्पविराम देण्याची रूढी नाही. ऑक्सफर्डचे जुळारी स्वल्पविरामाला प्रतिनिधी मानीत नाहीत, कुंपण मानतात; प्रत्येक वस्तूभोवती कुंपण हवे, मग दाराशी ‘अँड’ उभा असो वा नसो. दोन्ही विचार तर्कशुद्ध आहेत, मात्र ते भिन्न आहेत.

दोन पूर्ण वाक्ये जोडताना मात्र मराठी शालेय व्याकरण वेगळीच वाट धरते. ‘आभाळ भरून आले, पण पाऊस पडला नाही’ अशा ठिकाणी आपल्याला अर्धविराम शिकविला जातो. जेथे इंग्रजी मूल स्वल्पविरामावर भागवते, तेथे मराठी मुलाला त्याहून मोठा विसावा सांगितलेला आहे. प्रत्यक्ष व्यवहारात लेखक ‘पण’, ‘परंतु’, ‘म्हणून’ यांच्या आधी स्वल्पविरामही वापरतात, आणि ‘आणि’ने जोडलेली दोन लांब वाक्ये असली तर तेथेही तो येतो. त्यात दोष नाही. दोष आहे तो विचार न करता प्रत्येक ‘आणि’च्या आधी आकडा टाकण्यात.

अलिबागेच्या दक्षिणेस, कुंडलिकेच्या मुखाशी असलेल्या कोर्लई गावाची या संदर्भात आठवण होते. तेथील आपले ख्रिस्ती बांधव पोर्तुगीज मुळाची एक बोली पिढ्यान्‌पिढ्या घरात बोलत आले आहेत. चौल-रेवदंडा पोर्तुगीजांच्या हातून १७४० साली गेले, पण ती बोली राहिली. शब्द पोर्तुगीज मुळाचे असले तरी तिच्या वाक्यात क्रियापद मराठीसारखे शेवटी येते. ती बोली लिखित वाङ्मयावर वाढली नाही; आजीच्या तोंडून नातवाच्या कानात गेली. विराम तिच्यातही आहेतच, ते केवळ श्वासात आहेत. चिन्हे ही भाषेची पायरी, भाषा नव्हे, हे कोर्लई आपल्याला शिकविते.

गव्हाणीतील बाळ

आता आपण या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो, कारण पवित्र शास्त्र हे ‘आणि’ने भरलेले शास्त्र आहे. हिब्रू भाषेत ‘आणि’ हे एक अक्षर असून ते पुढच्या शब्दाला चिकटून येते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील बहुतेक प्रत्येक ओवीची सुरुवात त्याने होते. संत मार्कच्या शुभवर्तमानातही वाक्यामागून वाक्य ग्रीक ‘आणि’ने जोडलेले आहे. मूळ हस्तलिखितांत विरामचिन्हे जवळजवळ नाहीतच. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातील आणि नव्या करारातील ओव्यांचे आजचे क्रमांक १५५१ सालचे. तेव्हा छापील बायबलातील प्रत्येक स्वल्पविराम हा कोणा भाषांतरकाराने श्रद्धेने आणि अभ्यासाने केलेला निर्णय असतो.

नाताळच्या पहाटेच्या मिस्सेतील शुभवर्तमान घ्या. मेंढपाळ बेथलेहेमास धावत जातात, तेव्हा त्यांना मरिया, योसेफ आणि गव्हाणीत निजलेले बाळ दिसते, असे संत लूक सांगतात. इंग्रजीत ‘निजलेले’ हा शब्द बाळाच्या नंतर येतो आणि त्याला लिंग-वचन नसते. स्वल्पविराम गाळून भरभर वाचले तर मरिया, योसेफ आणि बाळ हे तिघेही गव्हाणीत निजले आहेत, असा हास्यास्पद भास होतो. म्हणून इंग्रजी भाषांतरकार ‘अँड’च्या आधी जपून विराम देतात. मूळ ग्रीकमध्ये हा घोळ होऊच शकत नाही, कारण तेथे ‘निजलेले’ हा शब्द एकवचनी व नपुंसकलिंगी आहे. तो बाळालाच लागू पडतो. आणि आपली मराठी पाहा: ‘निजलेले बाळ’. तेच एकवचन, तेच नपुंसकलिंग, शिवाय विशेषण नामाच्या अगदी पुढ्यात. संत लूक यांनी ग्रीकमध्ये जे प्रत्ययाने साधले तेच मराठी प्रत्ययाने साधते. येथे आपल्याला उसन्या स्वल्पविरामाची गरज नाही. मातृभाषेची ही श्रीमंती आपल्या मुलांना दाखवून दिली पाहिजे.

सर्वच ठिकाणी मात्र प्रत्यय मदतीस येत नाहीत. आगमनकाळात आपण यशयाची वाणी ऐकतो. शुभवर्तमानाच्या परंपरेत अरण्यात घोष करणाऱ्याचा आवाज आहे. हिब्रू पाठाच्या परंपरागत विरामांनुसार आवाज म्हणतो की अरण्यात मार्ग तयार करा. अरण्यात कोण आहे, घोष करणारा की मार्ग? सारे विसाव्याच्या जागेवर अवलंबून आहे. क्रुसावरून प्रभूने पश्चात्तापी चोराला दिलेले वचनही असेच आहे. ‘आज’ हा शब्द सांगण्याकडे जोडावा की सुखलोकात असण्याकडे? ख्रिस्तसभेची परंपरा तो सुखलोकाकडे जोडते, आणि त्या एका विसाव्यात मरणोन्मुख माणसाचे सारे समाधान साठलेले आहे.

खुद्द ‘आणि’ हा शब्दही एकदा श्रद्धेच्या कसोटीस लागला होता. सुमारे ३७५ साली कैसरियाचे बिशप संत बाझिल यांनी पवित्र आत्म्याविषयी ग्रंथ लिहिला. स्तुतिप्रार्थनेत पुत्र आणि पवित्र आत्मा यांची नावे पित्याच्या नावाशी कोणत्या शब्दाने जोडावी, यावर तेव्हा वाद पेटला होता. काहींच्या मते निरनिराळी अव्यये वापरल्याने तिघांची पायरी निरनिराळी ठरत होती. संत बाझिल यांनी ‘सह’ आणि ‘आणि’ या दोन्ही शब्दांचे समर्थन केले. ‘आणि’ने जोडलेले समान मानाचे असतात, हा त्यामागचा भाव होता. आपण क्रुसाची खूण करतो तेव्हा मूळ ग्रीकमध्ये दोन वेळा ‘आणि’ येतो, इंग्रजीत प्रत्येक ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम छापतात, आणि मराठीत पिता व पुत्र यांच्या मध्ये केवळ एक स्वल्पविराम उभा असतो. तो मुका प्रतिनिधी तेथे ‘आणि’च म्हणतो. म्हणून तेथे श्वास घ्यावा, घाई करू नये.

न्यायासनापुढे

ज्यांना हा सारा पंडितांचा खेळ वाटेल त्यांनी न्यायालयांकडे पाहावे. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांविषयीच्या १९४० सालच्या कायद्याचे २७वे कलम विनापरवाना व्यवहारांना शिक्षा सांगते. विक्रीसाठी बनविणे, विकणे, साठविणे किंवा विक्रीसाठी मांडणे, अशा कृतींची तेथे यादी आहे. महाराष्ट्र राज्याविरुद्धच्या एका अपिलात प्रश्न निघाला, की औषध नुसते जवळ साठविले तर तो गुन्हा होतो काय? १९७९च्या निवाडेसंग्रहात आलेल्या या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले की, इंग्रजी मजकुरात आधीच्या शब्दांनंतर स्वल्पविराम आहेत, मात्र ‘साठविणे’ या अर्थाच्या शब्दानंतर, ‘किंवा’च्या आधी, तो नाही. तेव्हा ‘साठविणे किंवा मांडणे’ हा एकच अखंड खंड असून ‘विक्रीसाठी’ हे दोहोंना लागू आहे. विक्रीचा हेतू नसलेला साठा या कलमात बसत नाही. एका न दिलेल्या स्वल्पविरामाने कलमाचा अर्थ ठरला. कायद्याच्या अर्थनिर्णयात विरामचिन्हे हे गौण साधन होय, असे मत याच न्यायालयात १९५२ साली व्यक्त झाले होते, हेही येथे सांगितले पाहिजे. गौण असले तरी ते निरर्थक नाही.

अमेरिकेतील मेन राज्यात २०१७ साली असाच निकाल लागला. एका दुग्धसंस्थेच्या वाहनचालकांना जादा कामाचा मोबदला मिळावा की नाही, हे कायद्यातील एका यादीवर अवलंबून होते. त्या यादीत ‘माल पाठविण्यासाठी बांधणे किंवा वाटणे’ अशा अर्थाचे शब्द होते आणि ‘किंवा’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. वाटणे हे स्वतंत्र काम, की बांधणे याच कामाचा एक हेतू? अर्थ संदिग्ध असल्याने तो कामगारांच्या बाजूने लावावा, असे अपील न्यायालयाने ठरविले. २०१८ साली हे प्रकरण पन्नास लाख डॉलरांवर मिटले, आणि विधिमंडळाने त्या यादीत पुढे अर्धविराम घातले.

आपल्या घरांना यातून काय शिकावयाचे? भारतीय ख्रिस्ती कुटुंबांच्या मृत्युपत्रांना १९२५ सालचा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्रात कायद्याची ठरावीक भाषा असलीच पाहिजे असे तो म्हणत नाही. करणाऱ्याचा हेतू शब्दांतून कळावा, एवढेच तो मागतो. पण तो कळावा लागतो. ‘थोरला मुलगा, धाकटा मुलगा व त्याची मुले यांना सारखा वाटा’ असे कोणी लिहिले, तर वाटे किती? थोरल्याचा एक, धाकट्याचा एक आणि नातवंडांचा एक? की थोरल्याचा एक, आणि धाकटा व त्याची मुले मिळून एक? की प्रत्येक डोक्यामागे एक? कोकणात जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या काळात अशा एका ‘व’पायी भावाभावांचे बोलणे तुटू शकते. येथे इंग्रजी पद्धतीने स्वल्पविराम टाकून भागणार नाही, कारण मराठी वाचकाला त्या चिन्हाचा तसा अर्थ लावण्याची सवय नाही. येथे वाक्यच बदलावे. वाटे तीन, प्रत्येकाचे नाव वेगळ्या ओळीवर, असे स्वच्छ लिहावे. चिन्हावर जेवढा भार पेलवेल तेवढाच टाकावा.

आपले दायित्व

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले आणि लोकभाषांना वेदीचा मार्ग मोकळा झाला. त्यापूर्वीही आपल्या समाजात मराठी वाचनाची परंपरा होती. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली सुरू केलेले ‘निरोप्या’ आणि १९५५ साली वसईत सुरू झालेली ‘सुवार्ता’ यांनी कितीतरी घरांत शुद्ध मराठी पोहोचविली. ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूकडे गेले. बायबलचे भाषांतर करणाऱ्या माणसाला शेकडो ठिकाणी ठरवावे लागते, की येथे मूळचा ‘आणि’ ठेवावा, ‘ऊन’ने वाक्य पुढे न्यावे, की स्वल्पविरामावर थांबावे. वाचकाला हे श्रम दिसत नाहीत, केवळ ओघ जाणवतो.

हा ओघ टिकविणे आता आपल्याकडे आहे. नोकरीधंद्यानिमित्त विखुरलेल्या आपल्या कुटुंबांत मुले इंग्रजीत विचार करू लागली आहेत. त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. त्यांना इंग्रजीची रीत इंग्रजीसाठी नीट शिकवावी. नवा कर्ता आला तर विराम द्यावा, यादीत एकच पद्धत सांभाळावी. आणि मराठीची रीत मराठीसाठी शिकवावी. यादीत ‘आणि’ आला की विरामाचे काम झाले, दोन वाक्यांच्या मध्ये अर्थ पाहून थांबावे, अर्थ दुभंगत असेल तर चिन्हाकडे न धावता वाक्य सरळ करावे.

रविवारी वाचन करणाऱ्यांनी तर आदल्या रात्री उतारा मोठ्याने वाचून पाहावा. ज्या ठिकाणी श्वास घ्यावयाचा ती जागा पेन्सिलीने खुणावावी. संत जेरोम यांनी यशयाचा ग्रंथ ओळीओळीत तोडून लिहिला तो नेमका याचसाठी, मागच्या बाकावर बसलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही देवाचा शब्द एका श्वासात आणि पूर्ण अर्थाने ऐकू यावा.